ओसरीवरची घोंगडी

बायकांचा वर्ग उघडला त्या दिवशी पेढे होते, हारतुरे होते आणि तीन भाषणं होती. तिन्ही भाषणं पुरुषांची. स्त्री शिकली की घर सुधारतं आणि घर सुधारलं की देश सुधारतो, असा तिघांचाही मुद्दा होता. ज्यांनी देश सुधारायचा त्या बायका दाटीवाटीनं बसून पेढ्यांची वाट बघत होत्या. मी कोपऱ्यात उभी होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, विधवा, अंगात रग असलेली अशी मी त्या वर्गाची एकुलती एक मास्तरीण. पहिल्याच दिवशी पटावर इतकी नावं लागली की सतरंज्या कमी पडल्या. दिवाळीपर्यंत एक सतरंजीसुद्धा जास्त व्हायला लागली.

एकोणीसशे तीसच्या आधीची दोन-तीन वर्षं. सोलापुरात भवानी पेठेत एक घर कमिटीनं भाड्यानं घेतलं होतं. आत दोन खोल्या, पुढं लांब ओसरी, ओसरीसमोर गल्ली. लहानपणी चौथीपर्यंत शिकून मग लग्नं झालेल्या बायकांना दुपारी शिकवायचं आणि फायनलच्या, म्हणजे मराठी सातवीच्या, परीक्षेला बसवायचं, हा वर्गाचा हेतू. फायनल झाली की म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची नोकरी मिळत असे. गरजू बायकांना याहून चांगली वाट तेव्हा नव्हती, आणि तरीही त्या गळत होत्या.

कमिटीचे चिटणीस वकील होते. सज्जन माणूस, पण पायाखालचं सोडून क्षितिजाकडे बघत बोलायची सवय. ते म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस असतात, बाई. आपल्या बायकांना शिक्षणाची गोडीच नाही." मला असलं काही ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. गोडी नाही म्हणे! जी बाई चार घरचं दळण दळून, स्वयंपाक करून, मूल काखेला मारून भर उन्हात पाटी घेऊन येते, तिला गोडी नाही? मी चिटणीसांना तोंडावर काही बोलले नाही, कारण पगार त्यांच्या सहीनं होत असे. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी पटावरच्या घरांची दारं वाजवायला सुरुवात केली.

घरोघरी गेल्यावर जे कळलं ते कुठल्याच भाषणात नव्हतं. आमचा वर्ग बाराला भरत असे आणि गिरणीत जाणाऱ्यांच्या घरी नेमकी तीच डबे पोचवायची वेळ. मी वर्ग दोनवर नेला. तान्ही मुलं असणाऱ्या येत नव्हत्या, तर मागच्या खोलीत तुळईला दोन झोळ्या टांगल्या आणि एका म्हाताऱ्या विधवेला दुपारची भाकरी आणि शेंगाचटणी देऊन झोके द्यायला बसवलं. एकटीनं गल्ल्या ओलांडून यायला कुणी लाजत होत्या, कुणाला घरचे सोडत नव्हते. मग मी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकीनं दुसरीच्या दारात थांबायचं, दोघींनी मिळून यायचं, आणि दुसरी येणार नसेल तर का येणार नाही ते विचारून मला सांगायचं. गैरहजर राहायला कुणी घाबरत नाही, पण दारात उभ्या राहिलेल्या मैत्रिणीला नाही म्हणायला माणूस घाबरतो. एवढ्यानं पुष्कळ बायका परत आल्या.

तरी एक भोक बुजेना. चांगल्या येणाऱ्या, हुशार बायका मध्येच चार दिवस दिसत नसत आणि मग कायमच्याच नाहीशा होत. जोडीदारणीला विचारलं की ती पदर तोंडाशी नेऊन म्हणे, "न्हाय आली." का, म्हटलं की गप्प. अखेर एका शिंप्याच्या बायकोनं तोंड उघडलं. ती मुसलमान, वयानं माझ्याहून मोठी, अंगानं भरलेली आणि जिभेनं मोकळी. म्हणाली, "बाई, तुमी पुण्याच्या असून तुमाला कळंना व्हय? बाहेरची हाय ती. कावळा शिवलाय."

मला माझंच हसू आलं. मी एकटी राहत होते. कुणाला सांगणार आणि कुणापासून लांब बसणार? त्यामुळं पाळी पाळायची असते हेच मी विसरून गेले होते. आणि इथं घरोघर बायका दर महिन्याला चार दिवस कोपऱ्यात बसत होत्या. चार दिवसांत अपूर्णांक संपून दशांश सुरू होत. पाचव्या दिवशी न्हाऊन आलेली बाई फळ्याकडे बघे, तिला काही उमगत नसे, आणि सगळ्यांदेखत 'मला येत नाही' म्हणण्यापेक्षा ती घरी बसणं पसंत करी. चिटणीसांच्या गोडीचा हिशेब हा असा होता. ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसती आणि सांगितली असती तर ते खुर्चीवरून उठून निघून गेले असते.

मी विचार केला. बाहेरची बाई चूल पेटवत नाही, पाणी भरत नाही, धुणं-भांडी करत नाही. म्हणजे बाईला आयुष्यात सुट्टी म्हणून मिळतात ते हेच चार दिवस, आणि नेमके तेच आपण फुकट घालवतोय. आत सगळ्यांत मिसळून बसता येत नाही ना? मग ओसरीवर बसा. खोलीचं दार ओसरीला, फळा दारासमोर सरकवला की बाहेरूनही दिसतो. बाजारात सांगोल्याकडचे धनगर घोंगड्या विकायला येत. त्यांच्याकडून एक काळी, जाड, मेंढरांचा वास मारणारी घोंगडी आणली आणि ओसरीवर अंथरली. लोकरीला विटाळ नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाटी धुता येते. अडलं ते पुस्तकापाशी. कागद धुणार कसा? दोन दिवस त्यावर वाद झाला. शेवटी मी ठोकून दिलं, "पुण्यात मोठमोठ्या शास्त्र्यांच्या घरच्या लेकीसुना असंच करतात. पुस्तक घोंगडीवर ठेवलं की त्याला काही होत नाही." पुण्याचं नाव घेतलं की सोलापुरात त्या वेळी बरंच काही पचत असे. शिंप्याची बायको म्हणाली, "आमच्यात बी चार दिस कुराणाला हात लावत न्हाईत, नमाज न्हाय. पर गणिताचं पुस्तक काय कुराण न्हवं." तिनं सगळ्यांत आधी घोंगडीवर बैठक मारली आणि वाद मिटला.

घोंगडी लागू पडली. कधी तिच्यावर दोघी असत, कधी चौघी. चिटणीस एकदा अचानक आले आणि म्हणाले, "ह्या बाहेर का बसल्यात? जागा कमी पडते का?" मी म्हटलं, "आत उकडतं. हवेशीर बसल्या की डोकं चालतं." ते फार खूश झाले. पुढच्या वार्षिक सभेत त्यांनी उघड्या हवेतल्या शिक्षणावर भाषण केलं आणि आमच्या ओसरीचं उदाहरण दिलं. समोर बसलेल्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या, आणि चिटणीसांना वाटलं की त्या आनंदल्यात.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते. ती तेलुगू विणकरांच्या घरातली सून. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, काटक. माहेर सोलापुरातच, त्यामुळं म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिला फायनल का द्यायचीय असं विचारलं तेव्हा तिनं काही देश सुधारायचा म्हणून सांगितलं नाही. म्हणाली, "आमच्या शाळंतल्या बाई छत्री घिऊन एकट्या जायच्या. त्यास्नी कुनी इच्यारत नव्हतं, कुटं चाललीस म्हणून." एवढंच तिचं कारण. मला ते पुरेसं वाटलं, अजून वाटतं.

घरात तीन माणसं: सासू, नवरा आणि ती. घरातच माग. नवरा लुगडी विणी आणि त्याला धोट्यात घालायच्या कांड्या लागत. रहाटावर सूत गुंडाळून त्या कांड्या भरायचं काम सुनेचं. तिचा हात थांबला की माग थांबे. पहिले काही महिने ती नेमानं आली. मग लग्नसराईची लुगडी अंगावर आली आणि सासूनं तिला घरी बसवलं. मी दारात गेले तर सासू म्हणाली, "पंतुलम्मा, पोटाला शाळा घालू का?" तेलुगूत मास्तरणीला पंतुलम्मा म्हणतात. बाई उंच, हाडापेरानं मोठी, तरुणपणी विधवा होऊन एकटीनं माग चालवून मुलगा वाढवलेली. तिच्या मराठीत सून 'आला' आणि मुलगा 'आली', ते मी जसंच्या तसं लिहीत नाही. पण ती बोलली त्यात खोट नव्हती. मी हात हलवत परत आले.

घोंगडी अंथरल्यावर ही सून एके दिवशी आपण होऊन ओसरीवर येऊन बसली. त्यांच्या घरी बाहेरच्या बाईनं मागाला, सुताला, रहाटाला हात लावायचा नाही, असा कडक रिवाज. मागाची ते पूजा करतात. त्यामुळं चार दिवस ही घरात नुसती बसून. शिंप्याची बायको तिच्याच गल्लीत राहायची. तिनं सासूच्या कानावर घातलं की शाळेत आता तसल्या बायकांचीही सोय झालीय. सासू म्हणाली, "मग ने की. हितं नुसती भाकरी मोडती." अशी ही माझी महिन्यातून चार दिवसांची विद्यार्थिनी. बाकीच्यांना घोंगडी चार दिवस बुडू नयेत म्हणून होती, हिला ते चारच दिवस शाळा होती. पण त्या चार दिवसांत ती जे काही करी ते बघायला हवं होतं. जेवण झाल्यासारखी तृप्त होऊन घरी जायची. शिंप्याच्या बायकोशी तिची मी जोडी लावून दिली. मधल्या दिवसांतला अभ्यास शिंप्याची बायको तिला पाणवठ्यावर तोंडी सांगायची.

पुढं काही महिन्यांनी मला वाटायला लागलं की ही पोरगी बरीच प्रगती करतेय. चार दिवसांच्या मानानं फारच. मी खूश होते, स्वतःवरही थोडी खूश होते. मग एक दिवस वर्ग सुटल्यावर शिंप्याची बायको मागं रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी बघताव का न्हाय? ह्या पोरीचा म्हैना पंधरा दिसांचा हाय का काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती आधी चार दिवस येई, मग सहा दिवस यायला लागली, मग महिन्यातून दोनदा. घरी सांगायची, 'थांबंना', नाहीतर, 'परत आलं'. आणि असलं खोटं पकडणार कोण? त्या कपड्यांकडे बघायचं नाही, ते कोपऱ्यात दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायचे, त्याबद्दल विचारायचंही नाही, अशीच सगळीकडे रीत. नवरा तर त्या दिशेला फिरकायचा नाही. मला आधी खदखदून हसू आलं. ज्या रिवाजानं बायका घरी बसत होत्या, तोच रिवाज हिनं बाहेर पडायला वापरला होता. परीक्षेला आता पाच-सहा महिने राहिले होते. मी ठरवलं, आपण काही बघितलं नाही. चालतंय ते चालू दे.

चाललं, पण फार दिवस नाही. एका सकाळी सासू माझ्या घरी आली. मी चहा पुढं केला तो तिनं घेतला नाही. खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाली, "पंतुलम्मा, तुमी शिकलेल्या. मला एक सांगा. आमच्या सुनेचं काय आजार हाय? वैद्याचं औषध झालं, देवीला नवस झाला. म्हैन्यातनं निम्मे दिस ती बाहेरच. अंगात रगत कसं ऱ्हाईल? लगीन होऊन पाच वर्सं झाली, कूस उजवली न्हाय, आनि आता हे." मग म्हणाली, "माझा एकच ल्योक हाय. गावाकडं माझ्या भनीच्या नात्यात एक पोरगी बघितलीय. पर हिचं वाईट वाटतं. हातानं लई चांगली हाय ओ ही." आणि ती रडायला लागली. मी तिला वाघीण समजत होते. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून सुनेसाठी रडत होती.

काय बोलावं? खरं सांगावं तर ही सुनेला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. गप्प बसावं तर सुनेच्या उरावर सवत येणार. "मी एका डॉक्टरीणबाईंना विचारते," असं काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली.

दुपारी ती घोंगडीवर होतीच. वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि कधी नव्हे ती तिच्यावर ओरडले. "मूर्ख आहेस का तू? तुझ्या सासूनं नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघितलीय, माहीत आहे तुला?"

ती घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत म्हणाली, "हाय की माहीत."

"मग?"

"मग काय, बाई. खरं सांगितलं तर घरी बसवतील. परीक्षा गेली. न्हाय सांगितलं तर ती येतीया." तिनं मान वर केली. "आली तर कांड्या ती भरंल."

मला वाटलं होतं, ती घाबरेल, रडेल, पाया पडेल. पण हिनं सगळा हिशेब करून ठेवलेला. मी स्वतः विधवा, नवऱ्याचं तोंडही मला धड आठवत नाही. नवरा वाटून घेणं म्हणजे काय हे मला पुस्तकातूनही कळलं नव्हतं. तरी मी तिला पुष्कळ समजावलं. सवत म्हणजे काय, पुढं तिला मूल झालं की तुझं त्या घरात काय राहील, म्हातारपणी कोण बघेल. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी कुनाला सांगू नका, बाई. माझ्या गळ्याची आन हाय."

मी ती आण पाळली नाही. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी विणकरांच्या आळीत गेले. नवरा मागावर होता. मला बघून त्यानं माग थांबवला आणि उठून बाहेर गेला. त्या माणसाचा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नाही. सून पाण्याला गेली होती. सासूला मी समोर बसवून सगळं सांगितलं. तिला काही आजार नाही, तिला शिकायचंय, आणि शिकायला दुसरी वाट नव्हती म्हणून ती खोटं बोलली. आणि तिनं आवाज चढवायच्या आत पुढचंही सांगून टाकलं: "रहाट माझ्या वर्गात आणू दे. सूत आणू दे. कान मोकळे असतात, हात चालू राहतील. तुमच्या मागाला एक कांडी कमी पडली तर मला विचारा."

म्हातारीनं विचारलं, "आजार न्हाय? खरं?"

"खरं."

"देवा," असं म्हणून तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. तिला राग येण्याआधी हायसं वाटलं, हे मी विसरू शकत नाही. राग मग आला. "एवढंच हुतं तर हे रहाटाचं तुमी मला आधी का न्हाय म्हणाला? मी दारातनं हाकललं आनि तुमी गेला. परत एक डाव येऊन बोलायला काय झालं हुतं? घोंगडीवर बसवायचं सुचतं, ह्ये न्हाय सुचत?"

मला झोंबलं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मग आता सुचलंय ना. आता त्या पोरीचं लग्न मोडा."

तिनं मान हलवली. गावाकडं बोलणी होऊन साखर वाटून झाली होती. पोरीच्या बापानं जातीच्या पंचांसमोर नारळ घेतला होता. ठरलेली मुलगी परत केली तर तिला पुन्हा कोण करून घेणार? "आनि पंतुलम्मा," ती म्हणाली, "आजार खोटा असंल. पाच वर्सं पाळना हालला न्हाय ते तर खोटं न्हाय." ह्यावर मी बरंच बोलले, नको तेही बोलले. ती शांतपणे ऐकून घेत होती, आणि माझं संपल्यावर उठून तिनं मला कुंकवाऐवजी अंगाऱ्याचं बोट लावून वाटी भरून गूळ दिला. मी विधवा म्हणून तिनं ती वाट काढली होती. मी तो गूळ रस्त्यात एका पोराला देऊन टाकला.

लग्न झालं. सवत आली. सोळा-सतरा वर्षांची, गावाकडची, मराठीचा एक शब्द न येणारी. पाठीवर वेणी आणि डोळ्यांत भीती. सुनेनं स्वतःच्या हातानं तिला हळद लावली, असं शिंप्याची बायको सांगत आली आणि सांगताना दोन वेळा डोळे पुसले. मी लग्नाला गेले नाही. मला बोलावणं होतं.

लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी सून वर्गात आली. रहाट आणला नव्हता. ओसरीवर थांबलीही नाही, सरळ आत आली, फळ्यासमोर बसली. "रहाट?" मी विचारलं.

"ती भरती," ती म्हणाली आणि पाटी पुसायला लागली. माझ्याशी त्या दिवशी ती आणखी एक शब्द बोलली नाही. मी आण मोडली होती आणि त्यातून काही निष्पन्नही झालं नव्हतं. हत्ती गेला आणि शेपटीला धरून मीच लोंबकळत राहिले होते.

पण रहाटाची गोष्ट पेठेत पसरली होती. दुसऱ्या दोन विणकरांच्या बायका आपापले रहाट डोक्यावर घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या सासवांनी म्हणे हिच्या सासूकडूनच ऐकलं. मग वर्गात दुपारभर कुरकुर चाले, मी आवाज चढवून शिकवी, आणि घसा बसला की शिंप्याची बायको घरून आल्याचा काढा आणी. चिटणीस रहाट बघून बिचकले. ह्याला वर्ग म्हणायचं की कारखाना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पट बघा." त्यांनी बघितला आणि गप्प बसले. त्यानंतर त्या वर्गातून गळती थांबली असं म्हणायला हरकत नाही. एखादी जायची, पण का गेली ते आम्हांला माहीत असे, आणि बहुतेक वेळा ती परत येत असे.

सून फायनलला बसली. शेवटचे महिने ती रोज येत होती, एक दिवसही चुकली नाही. घोंगडीवरही नियमानं जेवढं बसायचं तेवढंच बसली. पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. निकालाच्या दिवशी सासू पेढे घेऊन माझ्या घरी आली. मी ते खाल्ले, आणि मला ते गोड लागले हेही सांगते. म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली. माझ्यावरचा राग तिनं कधी बोलून दाखवला नाही, पण मध्ये बरेच दिवस ती मला भेटायलाही आली नाही. चिटणीसांनी त्या वर्षीच्या सभेत तिचं उदाहरण दिलं. विणकराची सून, उघड्या हवेत शिकून, चिकाटीच्या जोरावर वगैरे. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

पुढच्या जूनमध्ये नवीन नावं लावायचा दिवस होता. गर्दी ओसरल्यावर ती दारात दिसली. स्वच्छ नऊवारी, पायात वहाणा. एका हातानं तिनं त्या गावाकडच्या पोरीचं मनगट धरलेलं. पोरगी अंग चोरून तिच्या मागं लपत होती आणि तिला 'अक्का, अक्का' म्हणून काहीतरी तेलुगूत विनवत होती.

"हिचं नाव लावा, बाई," ती म्हणाली. "पैलीपासनं लावा. हिला काईच येत न्हाय."

मी म्हटलं, "आणि घरी कांड्या कोण भरणार?"

"सकाळी शाळंला जायच्या आधी मी भरते. संध्याकाळी परत आल्यावर भरते. दुपारच्या तेवढ्या अत्ता भरंल." त्यांच्यात सासूला अत्ता म्हणतात. "बोलले मी अत्तेशी. आधी न्हाय म्हणाली. मग म्हणाली, ने."

"तू दिवसभर शाळेत शिकवून येऊन रहाटावर बसणार?" मला पुन्हा राग यायला लागला होता. "हिच्यासाठी? अगं, ही तुझी..." पुढचा शब्द मी गिळला.

तिनं तो ऐकल्यासारखाच धरला. पोरीचं मनगट सोडून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "बाई, मला शिकायला सवत आणावी लागली. हिला आणायला लागू नये."